एकवीस नवऱ्यांची नावं

गुलनारच्या कॅमेऱ्यात एक पांढरा ठिपका होता. चित्राच्या डाव्या बाजूला, मधल्यापेक्षा जरा वर, मोहरीएवढा. नवरी हलो, नवरदेव हलो, घोडी उधळो, ठिपका जागचा हलायचा नाही. मन्सूरनं, तिच्या नवऱ्यानं, कॅमेरा तीनदा उघडून पाहिला. तो टीव्ही दुरुस्त करायचा. दिग्रसला कापूस बाजाराच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं आणि बिघडलेली वस्तू त्याच्या हातून सहसा तशीच परत जात नसे. पण इथं त्यानं हात टेकले.

‘‘आत चिप असते,’’ तो म्हणाला. ‘‘तिच्यावर लाखो दाणे. त्यातला एक कामातून गेला. विझला असता तर कोणाले दिसला नसता. हा कायमचा पेटून बसला.’’

मग गुलनारनं स्वतःच उपाय काढला. चित्र असं धरायचं की ठिपका नवरीच्या नथीवर पडेल. नथ नसेल तर कानातल्यावर. लोक कॅसेट पाहून म्हणायचे, काय हिरा चमकून राह्यला! बायकांच्या बाजूला हे जमून जायचं. हळद, बांगड्या, ओटी, सगळीकडं सोनंनाणं असतं. पुरुषांच्या अंगावर मात्र ठिपका लपवायला जागा नव्हती. एका नवरदेवाच्या काकांच्या पुढच्या दातावर तो नेमका बसला आणि घरच्यांनी त्यांना विचारलं की सोन्याऐवजी चांदीचा दात काहून बसवला.

हे शूटिंगचं काम तिच्याकडं आलं ते योगायोगानंच. पुसदच्या एका शूटिंगवाल्यानं धंदा बंद करताना तो खांद्यावरचा जुना कॅमेरा मन्सूरला दिला. पहिल्याच लग्नात हळदीच्या खोलीच्या दारात बायकांनी मन्सूरला अडवलं. तो बाहेर उभा राहिला आणि सोबत आलेल्या गुलनारनं कॅमेरा खांद्यावर घेतला. त्या दिवसापासून तो तिच्या खांद्यावरून उतरला नाही. सहा वर्षांत दिग्रस, दारव्हा, आर्णीपर्यंत तिचं नाव झालं. हिंदूंच्या, मुसलमानांच्या, सगळ्यांच्या घरात बायका तिलाच बोलवायच्या.

पण २००४ सालचा उन्हाळा लागला तेव्हा तिचा कॅमेरा तीन महिने पेटीतच होता. कापसाला भाव नव्हता, सगळ्या भागाचेच हात आखडले होते. लग्नं पुढं ढकलली जात होती. जी होत होती ती मंदिरात, पन्नास माणसांत. बँड नाही, शूटिंग नाही. त्यावर उपाय म्हणून गावातल्या काही मंडळींनी सामूहिक विवाह ठरवला. एकवीस जोड्या, शाळेचं मैदान, सगळ्यांना एकच मांडव आणि एकच जेवण. प्रत्येक जोडप्याला समितीकडून लग्नाची सीडी भेट, हे पत्रकात छापून मोकळे झाल्यावर समितीला शूटिंगवाल्याची आठवण झाली.

समितीचे सचिव होते दीनानाथकाका. पंचायत समितीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. पाहिल्याशिवाय सही करायची नाही ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ते मन्सूरच्या दुकानात आले, स्टुलावर बसले, खिशातून वही काढली आणि म्हणाले, ‘‘नमुना दाखवा.’’

मन्सूरनं मागल्या वर्षीच्या एका लग्नाची कॅसेट लावली. काकांनी ती अर्धा तास पाहिली. अधूनमधून घड्याळ बघून वहीत लिहीत होते. संपल्यावर चष्मा वर सारून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

‘‘मिनिट अकरा. मुलाच्या मामांच्या कपाळावर तारा. मिनिट चौदा. तोच तारा पंगतीतल्या कढीत. मिनिट सतरा. नवरदेव खिडकीपुढे उभा आहे, खिडकी दिसते, नवरदेव दिसत नाही. मिनिट वीस ते बावीस, पाऊस.’’

‘‘पाऊस नाही, काकाजी,’’ गुलनार म्हणाली. ‘‘त्या रेघा आहेत.’’

‘‘रेघा कायच्या?’’

मन्सूरनं उत्तर द्यायच्या ऐवजी पेटीतला कॅमेरा काढला, झाकण उघडलं, चिमट्यानं आतून काहीतरी हळूच ओढलं आणि काकांपुढं धरलं. वीतभर लांबीची, केसाएवढी बारीक, कापसाची तार होती.

‘‘हे. समोर जिनिंगचा कारखाना, मागं दुसरा. गावात रुई उडते, ती याच्यात जाऊन बसते. कॅसेटवर फिरणारं हेड साफ केलं की रेघा गेल्या. खिडकीचं म्हणाल तर या जुन्या कॅमेऱ्यात पाठीमागच्या उजेडाचं बटणच बिघडलं आहे. आणि तो तारा...’’

‘‘तारा जाणार नाही,’’ गुलनारनंच सांगून टाकलं. ‘‘एकवीस जोड्यांत मी तो कुठंकुठं लपवू? खोटं कायले बोलू.’’

काकांना हे आवडलं. चाळीस वर्षं ठेकेदारांशी गाठ पडलेली. स्वतःच्या कामातला दोष आपण होऊन सांगणारं माणूस त्यांना क्वचितच भेटलं होतं. त्यांनी वही मिटली, जरा इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘मी स्वतःच एक कॅमेरा घ्यायच्या विचारात आहे. छोटा, हातातला. नाशिकला नात झाली आहे.’’

दुसऱ्या दिवशी ते फाइल घेऊनच आले. वर्तमानपत्रातल्या जाहिराती, दुकानांची रंगीत पत्रकं, सगळं तारीखवार लावलेलं. शेवटी एक मोठा तक्ता होता. नऊ कॅमेरे, अकरा रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. आठशे पट झूम असलेला एक रुपेरी कॅमेरा पहिला आला होता.

गुलनारनं तक्ता नीट पाहिला. मग म्हणाली, ‘‘काकाजी, याच्यात एक रकाना राह्यला.’’

‘‘कोणता?’’

‘‘हातात धरून कसं वाटते तो.’’

ठरलं असं, की काकांनी कॅमेरा घ्यायचा, निवडायला गुलनारनं सोबत यायचं, आणि लग्नाच्या दिवशी त्याच कॅमेऱ्यानं शूटिंग करायचं. काकांची अट एकच. त्या दिवशी तिच्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही. ‘‘मीसुद्धा,’’ असं म्हणताना काकांचा चेहरा जरा उतरला.

यवतमाळच्या एसटीत काका, त्यांच्या पत्नी शीलाकाकू आणि गुलनार असे तिघं बसले. तू कायले, असं काकांनी घरून निघताना काकूंना विचारलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, ‘‘नात माझीपण आहे.’’

दुकान मोठं होतं, थंडगार, छताला शंभर दिवे. अवधूत नावाचा विक्रेता पुढं आला आणि काकांच्या हातातला तक्ता पाहून त्याला फार आनंद झाला. तो रुपेरी कॅमेराच त्यानं काचेवर ठेवला. ‘‘आठशे पट झूम, सर. इथून आपल्या आझाद मैदानातल्या माणसाचं घड्याळ दिसेल.’’

‘‘मी पाहू का?’’ गुलनार म्हणाली.

कॅमेरा घेऊन ती दारात गेली आणि रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी धरली. झूम दाबत गेली. आधी पाटी आली, मग एक अक्षर आलं, आणि मग अक्षर फुटून चौकोनच चौकोन झाले, फरशी बसवल्यागत. ते तिनं काकांना दाखवलं.

‘‘हे काय आहे?’’ काकांनी विचारलं.

‘‘ही आठशे पट. भिंगाचा झूम वीस पटीलेच संपला. पुढं हा नुसता ताणून राह्यला. कणीक ताणावी तसा.’’

अवधूत म्हणाला, ‘‘ताई, गिऱ्हाईक सहसा असं बघत नाही.’’

‘‘मी गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक हे आहेत.’’

मग तिनं जे केलं ते अवधूतच्या अजून लक्षात असेल. तिनं एकेक करून पाच कॅमेरे टेबलाखाली, अंधारात धरले आणि प्रत्येकाचं चित्र पाहिलं. दोहोंत मुंग्या फिरल्यागत दाणे होते. ते तिनं बाजूला ठेवले. राहिलेले तीन घेऊन शीलाकाकूंना काचेच्या दारापुढं उभं केलं. काकू लाजल्या, पदर सारखा केला. दोन कॅमेऱ्यांत मागचा रस्ता लख्ख आणि काकू काळ्या ठिक्कर. तिनं पाठीमागच्या उजेडाचं बटण शोधून दाबलं. एकात काकू जराशा उजळल्या. दुसऱ्यात ते बटण मेनूच्या आत चौथ्या पानावर होतं.

‘‘चौथ्या पानापर्यंत जाईतो वरात निघून जाईन,’’ ती म्हणाली.

तिसरा कॅमेरा काळा होता, जाडसर, मागल्या वर्षीचा. त्याचं पत्रकसुद्धा उरलं नव्हतं. झूम बारा पट. पण बटण बाहेर होतं आणि काकू त्यात काकूंसारख्या दिसत होत्या. गुलनारनं तो उलटा केला, सुलटा केला, कॅसेट घालून काढून पाहिली.

‘‘याच्यात कॅसेट वरून जाते,’’ ती काकांना म्हणाली. ‘‘रुपेरीत खालून जाते. म्हणजे कॅसेट बदलायची तर दरवेळी स्टँडवरून कॅमेरा खोला. मंगलाष्टकं चालू असली म्हणजे?’’

मग तिनं कडेला बोटानं चाचपून एक बारीक भोक शोधलं. माइक लावायचं भोक. दुकानातल्या बाकी कॅमेऱ्यांत ते एकातच होतं, आणि तो दोन माणसांनी उचलायचा होता.

काकांनी फाइल उघडून पाहिली. काळा कॅमेरा तक्त्यात नव्हताच. अकरा रकाने व्यर्थ गेले होते. त्यांनी एकदा रुपेरीकडं पाहिलं, एकदा काळ्याकडं. त्यांना काय वाटत होतं ते शीलाकाकूंना न बोलता कळलं.

‘‘घ्या हाच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या चाळीस वर्षांच्या फोटोत मी पहिल्यांदा ओळखू येऊन राहिले.’’

परतीच्या एसटीत दारव्ह्यापर्यंत काकांनी खोक्याला हात लावला नाही. दारव्ह्याला त्यांनी खोका उघडला, कॅमेरा मांडीवर घेतला, आणि खिडकीबाहेरच्या एका म्हशीवर रोखला. दिग्रस येईपर्यंत त्यांनी सात म्हशी टिपल्या.

लग्नाचा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात होता. मैदानावर लाल-केशरी कापडाचा मांडव घातला होता. सकाळी नऊला गुलनारनं स्टँडवर कॅमेरा लावला, पडद्यात पाहिलं आणि मन्सूरला हाक मारली. मांडवातली सगळी माणसं केशरी दिसत होती. भटजी केशरी, तांदूळ केशरी, समितीचे अध्यक्ष तर पिकल्या संत्र्यासारखे.

‘‘बिघडला का?’’ दीनानाथकाका धावत आले. ‘‘गॅरंटी आहे त्याची.’’

‘‘बिघडला नाही, काकाजी. कापडातून उजेड गाळून येऊन राह्यला. त्याले पांढरं काय ते दाखवा लागते, मग तो बाकीचे रंग जुळवतो. पांढरं पाह्यजे. एकदम पांढरं.’’

सगळे इकडंतिकडं पाहू लागले. काकांचा सदरा पिवळट निघाला. अध्यक्षांची टोपी गुलालानं माखलेली. तेवढ्यात मांडवात एक उंच माणूस शिरला. धोतर, डोक्याला लाल पगडी, खांद्यावर पांढराशुभ्र दुपट्टा, घडीसुद्धा मोडली नव्हती. बंजारा तांड्यावरचे लखीराम राठोड. त्यांची मुलगी जमना बारा नंबरच्या जोडीत होती.

‘‘मामा,’’ गुलनार म्हणाली, ‘‘तुमचा दुपट्टा जरा उघडून धरता का? इथं, कॅमेऱ्यापुढं.’’

लखीरामनं का ते विचारलं नाही. लग्नघरी सांगतील तसं करायचं असतं. त्यांनी दुपट्टा दोन्ही हातांनी पसरला आणि ताठ उभे राहिले. गुलनारनं बटण दाबलं, तीनपर्यंत मोजलं, आणि सगळा मांडव एकदम आपल्या रंगावर आला. हळद हळदीसारखी झाली, माणसं माणसांसारखी.

‘‘झालं, मामा.’’

लखीराम कॅमेऱ्याला नमस्कार करून बाजूला झाले. आणि मग घोटाळा झाला. नऊ नंबरच्या नवरीचा बाप हे सगळं पाहत होता. तो पुढं आला, आपला दुपट्टा पसरला आणि उभा राहिला. त्याच्या मागं चार नंबरचा. त्याच्या मागं सतरा. वधूपित्यानं कॅमेऱ्यापुढं शेला धरायचा असतो अशी बातमी पाच मिनिटांत मांडवभर झाली आणि रांग लागली. एकाजवळ दुपट्टा नव्हता, त्यानं शेजाऱ्याचा मागून आणला.

गुलनारनं मन्सूरकडं पाहिलं. मन्सूर खांबामागं तोंड लपवून हसत होता. तिनं कोणालाच परत पाठवलं नाही. प्रत्येकासाठी तीनपर्यंत मोजलं आणि म्हणाली, ‘‘झालं, मामा.’’ दीनानाथकाकांनी कार्यक्रमपत्रिकेत मंगलाष्टकांच्या वर पेननं एक ओळ वाढवली आणि लाउडस्पीकरवरून जाहीर केलं, ‘‘ज्या वधूपित्यांचं शेलादर्शन राहिलं असेल त्यांनी त्वरा करावी.’’

पुढची अडचण खरी होती. समितीनं सगळ्या नवऱ्यांना एकसारख्या पिवळ्या साड्या दिल्या होत्या. एकवीस नवऱ्या, एकवीस मुंडावळ्या, सगळ्यांच्या माना खाली. जोडीचे नंबर कागदावर लिहून पाटांपुढं ठेवले होते, ते कूलरच्या वाऱ्यानं कधीच उडाले. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या आणि सगळी गर्दी एकमेकांत मिसळली. उद्या सीडी करताना कोण कोणाची, हे देवालाच ठाऊक.

‘‘काकाजी,’’ गुलनार म्हणाली, ‘‘एकेक जोडी माझ्यापुढं आणा. नवरीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं. उखाणा. मी माइक हातात देते. नाव पण झालं आणि ओळख पण झाली.’’

लाउडस्पीकरचा गोंगाट इतका होता की कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकमध्ये दुसरं काहीच गेलं नसतं. पण वायरचा माइक तोंडाजवळ धरला की मुलीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. गुलनारनं कानाला हेडफोन लावला आणि मान हलवली. पहिली नवरी पुढं आली.

‘‘समितीनं दिली साडी, रंग तिचा हळदीचा, वसंतरावांचं नाव घेते, मान राखून गर्दीचा.’’

टाळ्या पडल्या. दुसरीला हुरूप आला. तिसरीला तिच्या मावशीनं कानात सांगितलं. सातवी तर गुलनारकडं बघतच म्हणाली, ‘‘कपाशीले बोंड, बोंडात रुई, गजाननरावांचं नाव घेते, ऐका कॅमेरावाल्या बाई!’’ मांडव हसला. जेवणाची पहिली पंगत बसायची होती, पण पत्रावळीवर कोणी जाईना, सगळे कॅमेऱ्याभोवती.

बारावी जमना. तिच्या हातात माइक दिला. ती काही बोलली नाही. नवरदेव खेमसिंग शेजारी उभा, बुटांकडं पाहत. लखीराम पुढं वाकून हळूच म्हणाले, ‘‘बोल ना, बेटी.’’ तिची आई भागीरथा म्हणाली, ‘‘तिले उखाणा येत नाही, बाई. आमच्यात नसते तसं.’’ मागून कोणीतरी हसलं. जमनानं माइक परत दिला आणि मान आणखी खाली घातली. लखीराम दुपट्टा सारखा करत बाजूला झाले. गुलनारला वाईट वाटलं, पण मागं रांग होती. तेरावी आली, चौदावी आली.

पंधराव्या जोडीच्या आधी तिनं सवयीप्रमाणं थोडी कॅसेट मागं नेऊन पाहिली.  चित्राचे चौकोन चौकोन झाले होते. चौदावी नवरी अर्धी इथं, अर्धी तिथं, आवाज तुटका. तिनं आणखी मागं नेलं. तेरावी तशीच. बाराव्या जोडीपासून सगळं गेलं होतं. अकरावी मात्र स्वच्छ होती.

‘‘हेडवर बसलं काही तरी,’’ मन्सूर वाकून म्हणाला. मैदानाला लागूनच जिनिंगचं कुंपण होतं. तारेवर अजून रुईचे झुपके लोंबत होते आणि दुपारचं वारं सुटलं होतं.

‘‘साफ करायची कॅसेट?’’

‘‘दुकानात.’’ तो स्कूटरकडं धावला.

दीनानाथकाका मटकन पाटावर बसले. ‘‘मी सांगत होतो, गॅरंटी...’’

‘‘काकाजी, गॅरंटी नंतर. तुम्ही लोकांले जेवायले बसवा. म्हणा, कॅमेऱ्यालेपण विश्रांती पाह्यजे.’’

काकांनी तसंच जाहीर केलं. दहा मिनिटांत मन्सूर परत आला. अंगावरच्या सदऱ्याच्या आडोशात त्यानं साफ करायची कॅसेट घातली, दहा सेकंद चालवली, काढली. गुलनारनं काकांनाच टिपलं आणि पाहिलं. घामानं थबथबलेले, पण एकसंध काका दिसले.

आता बारा, तेरा, चौदा. तिन्ही घरच्यांना सांगायचं होतं की तुमचं पुन्हा करायचं आहे. मन्सूर म्हणाला, मी सांगतो. गुलनार म्हणाली, चूक माझी, मी दर दोन जोड्यांनी कॅसेट तपासायला पाहिजे होती, तशी तपासली नाही. ती पंगतीत गेली आणि उभ्या उभ्या सांगितलं. कोणी रागावलं नाही. उलट चौदावी हातातला घास टाकून उठली आणि माइकपुढं येऊन ठसक्यात म्हणाली, ‘‘पहिल्यांदा नाव घेतलं, कॅमेऱ्यानं खाल्लं, ज्ञानेश्वररावांचं पुन्हा घेतलं, कोणाचं काय गेलं!’’ सगळी पंगत उष्ट्या हातांनी टाळ्या वाजवू लागली.

जमना आईजवळ बसली होती. गुलनार तिच्यापुढं खाली बसली.

‘‘उखाणा नको म्हणू,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्यात नवरी काय म्हणते?’’

जमनानं आईकडं पाहिलं. भागीरथा म्हणाली, ‘‘आमच्यात ढावलो गातात. सासरी निघताना नवरी गाते. मायबापाले उद्देशून.’’

‘‘मग तो गा. मले तोच पाह्यजे.’’

‘‘तो लग्न झाल्यावर, निघताना असते, बाई,’’ लखीराम म्हणाले. ‘‘इथं, एवढ्या लोकांत...’’

पण जमना उठली होती. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि गायला लागली. त्यांच्या गोरबोलीतले शब्द गुलनारला अर्धेच कळत होते, पण हेडफोनमध्ये तो आवाज इतका जवळून येत होता की पडद्यावरचं चित्र तिला धूसर दिसू लागलं. तिनं एक डोळा बाहीला पुसला, हात हलू दिला नाही. लाउडस्पीकर कोणीतरी बंद केला. वाढपी वरणाची बादली घेऊन जागच्या जागी थांबले. लखीरामनं तो दुपट्टा खांद्यावरून ओढला आणि तोंडावर धरला.

गाणं संपलं. जमनानं नाक पुसलं, डोळे उघडले, आजूबाजूला एवढे लोक पाहून तिला एकदम हसू आलं. मग काहीतरी राहून गेलं असं वाटून तिनं माइक पुन्हा तोंडाशी नेला आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी मोठ्यानं ओरडली, ‘‘खेमसिंग!’’

‘‘हाजर!’’ खेमसिंगच्या तोंडून निघून गेलं, आणि मांडव पडेल की काय असा हशा झाला.

तेरावी आणि पुढच्या सात जोड्या निर्विघ्न पार पडल्या. दर दोन जोड्यांनी गुलनार कॅसेट मागं नेऊन पाहत होती, आणि काका तिच्या खांद्यावरून डोकावत होते. एकविसाव्या जोडीच्या वेळी तिनं कॅमेरा स्टँडवरून काढला आणि त्यांच्या हातात दिला.

‘‘मी? अट होती ना.’’

‘‘अट तुमचीच होती. तुमची तुम्ही मोडा. नवरी मधात ठेवा आणि झूमले हात लावू नका.’’

काकांनी श्वास रोखून शूट केलं. नवरी मधात राहिली. थोडीशी तिरपी, पण राहिली.

सीड्या पुसदला झाल्या, मन्सूरच्या मावसभावाकडं, जमीरकडं. त्याच्याकडं कॉम्प्युटर होता. काकांनी प्रत्येक सीडीवर स्वतःच्या अक्षरात नावं घातली आणि यादीवर खूण करत त्या वाटल्या. बारा नंबरची न्यायला लखीराम आणि भागीरथा बाजाराच्या दिवशी दुकानात आले. सोबत तांड्यावरच्या आणखी चार बाया होत्या.

‘‘घरी लावायले काही नाही,’’ लखीराम म्हणाले. ‘‘इथं एकदा दिसेन का?’’

मन्सूरच्या टेबलावर एक मोठा टीव्ही होता, कालच दुरुस्त झालेला, मालक न्यायला यायचा होता. त्यानं तोच लावला. बाया खाली बसल्या. लखीराम उभे राहिले. पडद्यावर मांडव आला, दुपट्टा धरलेले ते स्वतः आले, आणि भागीरथानं तोंडाला पदर लावून त्यांच्याकडं पाहिलं. मग जमना आली. रस्त्यावरून जाणारे दोघंचौघं दारात थबकले. संपलं तसं भागीरथा म्हणाली, ‘‘आणखीन लावता का, भाऊ? माही पोरगी एवढी धीट हाये, मले मालूमच नव्हतं.’’

मन्सूरनं पुन्हा लावलं. तेवढ्यात टीव्हीचे मालक बबनराव रिक्षा घेऊन आले. गर्दीतून वाट काढत आत शिरले, आपला टीव्ही पाहिला आणि म्हणाले, ‘‘मन्सूरभाई, झाला का माझा?’’

‘‘झाला. बसा दोन मिनिटं.’’

बबनराव स्टुलाच्या कडेवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी चप्पल काढून पाय वर घेतले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बबनरावांनी पडद्यावरची नजर न हलवता त्याला हातानंच आत यायला सांगितलं.